मालमत्ता कर: आधी बिल वाचा, मग भांडा

मालमत्ता कराविषयी आलेली पत्रं एकत्र वाचली, तर बहुतेकांनी बिलावरची रक्कम पाहिलेली असते, उरलेला कागद मात्र तसाच घडी घालून ठेवलेला असतो. महापालिकेच्या हिशेबात रक्कम सगळ्यांत शेवटी येते. त्याआधी येतं ते चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), वापर, इमारतीचं वय, मजला आणि खातं कुणाच्या नावावर आहे ते. चूक सापडायची असेल तर बहुधा तिथेच सापडते. खालची उत्तरं बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरती आहेत. दहिसरचा किंवा मुलुंडचा चेकनाका ओलांडला की महापालिका बदलते, आणि सवलतींचे नियमही बदलतात.

प्रश्न: आमचा अंधेरी पश्चिमेला ७८० चौरस फुटांचा फ्लॅट आहे, इमारत २०१३ची. रस्त्यापलीकडे १९८२च्या इमारतीत बहिणीचा तेवढाच फ्लॅट आहे. तिचा कर आमच्या निम्म्याहूनही कमी येतो. हे कसं? आम्ही तक्रार करावी का?

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. त्याआधी तो करयोग्य मूल्यावर, म्हणजे ते घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं मिळेल या अंदाजावर ठरत असे. भाडं गोठलेल्या जुन्या इमारतींना त्यामुळे नाममात्र कर यायचा, आणि त्याच वस्तीतली नवी इमारत कितीतरी पट जास्त भरायची.

आताचा हिशेब असा: मुद्रांक शुल्काच्या रेडी रेकनरमधला (राज्य शासनाच्या जमीन-घरांच्या दरांच्या तक्त्यातला) तुमच्या विभागाचा प्रति चौरस मीटर दर घ्यायचा, त्याला चटई क्षेत्राने गुणायचं आणि मग भारांक लावायचे. वापर कोणता (निवासी, दुकान, कार्यालय, कारखाना), बांधकाम आरसीसी की कच्चं, इमारत किती जुनी, फ्लॅट कितव्या मजल्यावर, यांचे हे भारांक. त्यातून आलं ते भांडवली मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, मलनिःसारण कर, जललाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर वगैरेंचे वेगवेगळे दर लागतात आणि त्यांची बेरीज बिलावर छापली जाते.

तुमच्या आणि बहिणीच्या बिलांत वयाच्या भारांकाने थोडा फरक पडेल, पण निम्म्याचा पडणार नाही. खरं कारण बहुतेक वेगळं आहे. २०१० साली पद्धत बदलली तेव्हा जुन्या इमारतींना एकदम फटका बसू नये म्हणून मर्यादा घातली गेली: निवासी मालमत्तेचा नवा कर आधीच्या कराच्या दुपटीहून जास्त होऊ नये, आणि बिगरनिवासीचा तिपटीहून जास्त होऊ नये. पुढच्या फेरमूल्यांकनातही वाढीला ४० टक्क्यांची मर्यादा आहे. बहिणीच्या इमारतीचा जुना कर अगदी कमी असणार, तेव्हा त्याची दुप्पटही कमीच. तुमची इमारत २०१३ची. तिला ‘आधीचा कर’च नव्हता, म्हणून दुपटीची मर्यादाही नाही. तुम्ही पूर्ण हिशेबाने भरता.

रस्ताही तपासा. रेडी रेकनरचे विभाग नगर भूमापन क्रमांकांवरून आखलेले असतात आणि त्यांची हद्द पुष्कळदा रस्त्याच्या मधोमध जाते. समोरासमोरच्या दोन इमारतींचे मूळ दर त्यामुळे वेगळे असू शकतात.

म्हणजे बहिणीचं बिल दाखवून तुमचा कर कमी होणार नाही. तुमच्या नोंदीत चटई क्षेत्र जास्त लागलं आहे, इमारतीचं वर्ष चुकलं आहे, वापर बिगरनिवासी दाखवला आहे, असं काही सापडलं तर तक्रारीला आधार मिळेल.

आणखी एक गैरसमज पत्रांत भेटतो. रेडी रेकनरचे दर १ एप्रिलला वाढले म्हणून त्याच वर्षी मालमत्ता कर वाढत नाही. भांडवली मूल्य दर पाच वर्षांनी सुधारायचं असतं. २०१५ साली ते झालं आणि २०२०चं करोनामुळे पुढे ढकललं गेलं.

प्रश्न: मुलुंड पूर्व. माझा फ्लॅट ४३० चौरस फूट चटई क्षेत्राचा आहे. ५०० फुटांपर्यंत कर माफ असं ऐकते, तरी सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात दर तिमाहीला ‘बीएमसी टॅक्स’ म्हणून रक्कम लागते. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीचं बिल एकच येतं, मग सगळ्यांनी सारखंच भरायचं.

सेक्रेटरींचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं चूक.

मुंबईतल्या पुष्कळ सोसायट्यांना संपूर्ण इमारतीचं एकच बिल येतं. पण त्या एका रकमेच्या पोटात प्रत्येक फ्लॅटचा, प्रत्येक दुकानाचा वेगळा हिशेब असतो. ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फूट, किंवा त्याहून कमी चटई क्षेत्राच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण करमाफी आहे. त्याआधी, २०१९ सालच्या निर्णयात फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीचे कर चालूच होते. ‘माफी झाली तरी बिल येतंच’ ही समजूत त्या काळातली आहे. तुमच्या फ्लॅटचा कर आता शून्य आहे, आणि सोसायटीच्या बिलात तो शून्य धरूनच बेरीज केलेली असते.

आकड्यांनी पाहू. समजा, ४० फ्लॅटची इमारत आहे. २४ फ्लॅट ५०० फुटांच्या आतले, १६ मोठे. सहामाही बिल आलं ३,२०,००० रुपये. ही सगळी रक्कम १६ मोठ्या फ्लॅटची आहे, सरासरी प्रत्येकी २०,०००. सोसायटीने ती ४० जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ८,००० येतात. म्हणजे ज्यांचा कर शून्य आहे ते २४ सभासद मिळून सहा महिन्यांत १,९२,००० रुपये शेजाऱ्यांसाठी भरतात. तळमजल्यावर दुकानं असतील तर आणखी बिघडतं, कारण दुकानाचा दर निवासी दरापेक्षा बराच जास्त आणि तोही मग फ्लॅटवाल्यांच्या अंगावर येतो.

सोसायटीच्या आदर्श उपविधीत, म्हणजे सहकार खात्याच्या नमुना नियमावलीत, कोणता खर्च कसा वाटायचा ते लिहिलेलं आहे. लिफ्टचा खर्च आणि सेवाशुल्क सगळ्यांना समान. पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि त्यांचं माप यांवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड ०.२५ टक्के. मालमत्ता कर मात्र स्थानिक प्राधिकरणाने ज्या फ्लॅटला जेवढा ठरवला तेवढाच. ‘सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण सभेचा ठराव उपविधीच्या वर जाऊ शकत नाही.

काय करायचं ते क्रमाने. सोसायटीकडे महापालिकेच्या चालू बिलाची प्रत लेखी मागा. बिल सोसायटीच्या खाते क्रमांकावरून पोर्टलवरही निघतं, त्यामुळे ‘सापडत नाही’ ही सबब टिकत नाही. सदनिकानिहाय तपशील सोसायटीकडे नसेल तर सोसायटीने विभाग कार्यालयातल्या करनिर्धारण व संकलन खात्याकडे (मुलुंडसाठी टी विभाग) अर्ज करून तो घ्यावा. त्यात तुमच्या फ्लॅटचं क्षेत्र ४६.४५ चौरस मीटरच्या आत आणि वापर निवासी दाखवला आहे, एवढं पाहा. मग सेक्रेटरींना दुसरं पत्र: पुढच्या तिमाहीपासून आकारणी दुरुस्त करावी आणि १ जानेवारी २०२२ पासून घेतलेली रक्कम मेंटेनन्समध्ये वळती करावी. पत्राची पोच घ्या. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे अर्ज नव्हे. दाद लागली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

कमिटीच्या बाजूनेही एक अडचण असते, ती मान्य करायला हवी. वाटप दुरुस्त केलं की मोठ्या फ्लॅटवाल्यांचं बिल एकदम वाढतं आणि त्यांतले काही पैसे थांबवतात. तरीही महापालिकेचं बिल मुदतीत पूर्ण भरावं, कारण खातं एक असलं की दंडही सगळ्या इमारतीवर बसतो. थकवणाऱ्याकडून उपविधीप्रमाणे व्याज घ्यावं (सरळव्याजाने कमाल २१ टक्के), आणि तेवढ्याने भागलं नाही तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला मागावा. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली चालायचं.

प्रश्न: दादर पश्चिमेला आमच्या फ्लॅटची नोंद ५०२ चौरस फूट आहे. दोन फुटांसाठी पूर्ण कर भरावा लागतो. काही सूट मिळते का?

नाही. ही पायऱ्यापायऱ्यांची सवलत नाही. ४६.४५ चौरस मीटरपर्यंत शून्य, आणि त्यावर गेलं की ‘पहिले ५०० फूट वजा’ असं काही होत नाही; पूर्ण क्षेत्रावर कर. ५०२ चौरस फूट म्हणजे सुमारे ४६.६४ चौरस मीटर. तुम्ही रेषेच्या पलीकडे आहात.

पण ५०२ हा आकडा कुठून आला ते शोधण्यासारखं आहे. जुन्या करारनाम्यांत बिल्टअप (भिंतींसकटचं) क्षेत्र लिहिण्याची पद्धत होती, काही ठिकाणी सुपर बिल्टअपही (जिना, लिफ्ट यांचा वाटा धरून). बिल्टअप आणि चटई यांत ढोबळमानाने १.२ पट फरक धरतात, म्हणजे ६०० बिल्टअपचा फ्लॅट ५०० चटईच्या आसपास येतो. करारनाम्यातला आकडा चटई समजून नोंदीत चढला असेल, तर ती चूक दुरुस्त होऊ शकते. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणा. सरळ दहाने गुणून काढलेले आकडेही कागदांत भेटतात, आणि असा एकच आकडा माणसाला रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवतो.

दुरुस्तीचा अर्ज जी उत्तर विभागाच्या करनिर्धारण खात्याकडे करायचा. सोबत मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, नोंदणीकृत करारनामा आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, दस्त नोंदणीचा उतारा), चालू बिल, आणि परवानाधारक वास्तुविशारदाने फ्लॅट मोजून दिलेलं चटई क्षेत्राचं प्रमाणपत्र. खातं सोसायटीच्या नावावर असेल तर अर्जही सोसायटीच्या लेटरहेडवर जातो. यानंतर निरीक्षक येऊन मोजमाप घेतात.

अर्ज करण्याआधी टेप घेऊन घर स्वतः मोजा. निरीक्षक प्रत्यक्ष जागा मोजतात, कागद नाही. बाल्कनी खोलीत घेतली असेल, पॅसेजचा तुकडा आत आला असेल, तर ५०२चे ४९५ होण्याऐवजी ५३० होतील, आणि वर वाढीव बांधकामाचा प्रश्न वेगळाच उभा राहील. आतलं काही नकाशाबाहेरचं असेल तर अर्जाआधी वास्तुविशारदाशी बोला.

प्रश्न: बिलात ‘जल कर’, ‘जललाभ कर’ असे रकाने असतात. पाण्याचं बिल वेगळं येतं. म्हणजे दोनदा वसुली?

मीटरची जोडणी असेल तर पाणी वापराचा आकार पाण्याच्या बिलात येतो आणि मालमत्ता कराच्या बिलात ‘जल कर’ लागत नाही. जललाभ कर मात्र लागतो. तो जलवाहिन्या, जलाशय अशा यंत्रणेसाठी आहे. मलनिःसारणाचंही तसंच. तुमची जोडणी मीटरची आहे आणि तरीही जल कराच्या रकान्यात रक्कम दिसते, तर पाण्याच्या बिलाची प्रत जोडून विभाग कार्यालयात अर्ज द्या. राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर राज्य शासनाचे, महापालिका ते फक्त गोळा करते. रोजगार हमी उपकर निवासी फ्लॅटला लागत नाही. तो बिलात दिसला तर नोंदीत तुमचा वापर चुकला आहे असं समजा.

प्रश्न: बोरिवलीला रिसेल फ्लॅट घेतला. आता कळतंय की आधीच्या मालकाने चार वर्षांचा कर भरलेला नाही. नोटीस आमच्या दारावर लागली. भरायचा कुणी?

महापालिकेच्या दृष्टीने घराने. मालमत्ता कराचा बोजा मालमत्तेवर असतो आणि बाकीच्या बहुतेक देण्यांच्या आधी त्याचा हक्क लागतो (महापालिका अधिनियमाचं कलम २१२). मालक बदलला म्हणून तो सुटत नाही. आधी भरा, मग विक्रेत्याकडून वसूल करा. करारनाम्यात ‘ताबा देण्याच्या तारखेपर्यंतची सर्व देणी विक्रेत्याची’ असं कलम बहुधा असतं. त्याच्या आधारे वकिलामार्फत नोटीस पाठवा. भरल्याच्या पावत्या वर्षवार वेगळ्या ठेवा, कारण तुमच्या ताब्यानंतरच्या महिन्यांचा कर तुमचाच आहे आणि विक्रेता पहिलं बोट तिथेच ठेवेल.

विलंबाचा दंड दरमहा २ टक्के आहे. ३०,००० रुपये सहा महिने राहिले तर ३,६०० रुपये दंड, वर्षभर राहिले तर ७,२००. चार वर्षं जुन्या बिलावर तर दंडच मूळ रकमेच्या जवळ पोचतो. बिलावर ३१ मार्च २०१०पूर्वीची आणि नंतरची थकबाकी वेगळी दाखवतात. जुन्या रकान्यात काही असेल तर ती नोंद आधीच्या मालकाच्याही आधीची असू शकते. तिचा तपशील मागून घ्या.

वसुली एका दिवसात होत नाही. बिल बजावल्यावर भरायला ९० दिवस असतात. मग मागणीपत्र, त्यानंतर कलम २०३ची २१ दिवसांची नोटीस, आणि तरीही न भरल्यास जप्ती व लिलाव. दारावर लागलेल्या कागदावर कलम २०३ लिहिलं असेल तर वाद नंतर घाला, आधी खात्यात पैसे भरा.

आता नाव. खातं स्वतंत्र असेल तर हस्तांतराची सूचना दस्त नोंदणीनंतर तीन महिन्यांत महापालिकेला द्यायची असते. वारसाहक्काने मालमत्ता आली असेल तर मृत्यूच्या तारखेपासून एक वर्ष. लागतात ते कागद: नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २, सोसायटीचं ना-हरकत पत्र किंवा शेअर सर्टिफिकेट, शेवटची भरणा पावती, ओळखपत्र. वारसाच्या बाबतीत मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा. थकबाकी शून्य केल्याशिवाय हा अर्ज पुढे सरकत नाही. खातं सोसायटीच्या नावावर असेल तर महापालिकेत तुमचं नाव चढवण्याचा प्रश्नच येत नाही, तुमची नोंद सोसायटीच्या दफ्तरात होते.

करबिलावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं काही जण धरून चालतात. तसं नाही. ते कुणाकडून कर वसूल करायचा याची नोंद आहे. मालकी करारनाम्यावरून आणि नोंदणीवरून ठरते. अनधिकृत बांधकामाचंही हेच: महापालिका त्यावर कर लावते, वर दंडही लावते, पण त्यामुळे बांधकाम अधिकृत होत नाही.

प्रश्न: विलेपार्ले पूर्व. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. आता ४५० फूट आहेत, नव्या इमारतीत ६१० मिळणार. कराचं काय?

हा प्रश्न करार सही होण्याआधी विचारलात, हे फार चांगलं. बहुतेक जण तो ताबा घेताना विचारतात.

४५० फुटांवर तुमचा कर शून्य आहे. ६१० चटई झाले की माफी संपते आणि पूर्ण ६१० फुटांवर कर लागतो. इमारत नवी, म्हणून वयाचा भारांक पूर्ण. जुन्या करावरची दुपटीची मर्यादाही नाही. वरच्या मजल्यावर गेलात तर मजल्याचा भारांकही वाढतो. नव्या इमारतीचं मेंटेनन्स लोक चर्चेत घेतात, मालमत्ता कर राहून जातो. बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस फंड (पुढच्या वाढीव खर्चासाठीची एकरकमी रक्कम) ठरवताना हा वार्षिक आकडा धरा. अंदाज हवा असेल तर त्याच गल्लीतल्या गेल्या तीन-चार वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतीचं बिल पाहा. जुन्या शेजाऱ्याचं पाहून उपयोग नाही.

बांधकाम चालू असतानाही कर थांबत नाही. इमारत पाडली की मालमत्ता जमीन म्हणून, बांधकामाखालची जागा म्हणून आकारली जाते. करारात हा कर विकासकाने भरावा असं असतं, पण खातं सोसायटीच्या नावावरच राहतं. विकासक अडकला की नोटीस सोसायटीला येते. म्हणून करारात दोन गोष्टी लिहून घ्या: दर सहामाहीची भरणा पावती विकासकाने सोसायटीला द्यायची, आणि न भरल्यास ती रक्कम बँक हमीतून घेण्याचा अधिकार सोसायटीला. इमारत रिकामी करून पाडल्याची तारीख विभाग कार्यालयाला लेखी कळवा, नाहीतर जुन्या सदनिकांचा कर नोंदीत चालूच राहतो.

जमिनीच्या मूल्यांकनावरही एक निकाल माहीत असावा. भविष्यात त्या जागेवर किती बांधता येईल, हे धरून रिकाम्या जमिनीवर कर लावणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. आज जागा जशी आहे तशीच तिची किंमत धरायची. त्याआधीच्या वर्षांचं जमिनीचं मोठं बिल सोसायटीच्या खात्यावर पडून असेल, तर करसल्लागाराला हा निकाल धरून ते तपासायला सांगा.

प्रश्न: गिरगावात चाळीत पागडीची खोली आहे. मालक ‘दुरुस्ती उपकर’ म्हणून वेगळे पैसे मागतात. हा मालमत्ता करच ना?

नाही. तो म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळासाठीचा उपकर आहे. महापालिका तो मालमत्ता कराच्या बिलातून गोळा करते. फक्त शहर भागातल्या, उपनगरांतल्या नव्हे, जुन्या इमारतींना लागतो. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तिथपासून ३१ डिसेंबर १९५०पर्यंतच्या ‘ब’, आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९च्या ‘क’. मालकाकडून बिलाची प्रत मागा आणि भाड्याच्या पावतीवर भाडं व उपकर वेगळे दाखवायला सांगा. उपकर भरल्याच्या पावत्या जपून ठेवा, पुनर्विकासाच्या वेळी इमारत उपकरप्राप्त असल्याचा तो पुरावा होतो.

प्रश्न: चेंबूर. घरातली एक खोली क्लिनिकसाठी वापरते. घर भाड्याने दिलं तर कर वाढतो का, आणि क्लिनिकमुळे?

घर राहण्यासाठीच भाड्याने दिलंत तर भांडवली मूल्याच्या पद्धतीत करात फरक पडत नाही. भाडं वीस हजार असो की साठ हजार, हिशेबात ते येतच नाही. जुन्या पद्धतीत यायचं, म्हणून ज्येष्ठ मंडळी अजून लिव्ह अँड लायसन्सचा करार लपवतात. आता त्याची गरज नाही.

क्लिनिकचं वेगळं आहे. वापर बदलला की तेवढ्या क्षेत्राला बिगरनिवासी दर लागू शकतो, आणि माफी फक्त निवासी वापराला आहे. ४८० फुटांचा पूर्ण फ्लॅट क्लिनिक असेल तर तो ५०० फुटांखाली असूनही माफीत बसत नाही. घरून लॅपटॉपवर काम करणं वेगळं. पाटी लावून रोज बाहेरची माणसं येणं वेगळं. नोटीस आली तर किती चौरस फूट त्या वापरात आहेत याचा नकाशा द्या, म्हणजे आकारणी त्या खोलीपुरती राहील.

प्रश्न: कांदिवली. बिल आलंच नाही आणि दंड लागला. माफ होईल का? ऑनलाइन भरताना एकदा पैसे कापले गेले, पण पावती आली नाही.

बिल मिळालं नाही हे कारण सहसा चालत नाही, कारण ते पोर्टलवर असतं. कराचं वर्ष एप्रिल ते मार्च, दोन सहामाही: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तुमचा पंधरा अक्षर-अंकांचा खाते क्रमांक, सुरुवातीला विभागाची अक्षरं, फोनमध्ये जपून ठेवा आणि मोबाइल व ईमेल खात्याशी नोंदवून घ्या. भरताना खाते क्रमांक टाकल्यावर पडद्यावर येणारं नाव आणि पत्ता वाचा. एक अंक चुकला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात, आणि ते परत फिरवायला महिने लागतात.

पैसे कापले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दोन-तीन कामाचे दिवस थांबा. एक तर बँक पैसे परत करते, नाहीतर पोर्टलवर पावती दिसते. दोन्ही झालं नाही तर बँकेचा व्यवहार क्रमांक आणि खात्याचा उतारा घेऊन विभागाच्या नागरी सुविधा केंद्रात जा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरू नये ते यासाठीच. ‘कर थकला, आज रात्री पाणी तोडणार’ अशा मेसेजमधल्या लिंकवरून तर कधीच भरू नका.

प्रश्न: भांडवली मूल्य वाढवल्याची ‘विशेष नोटीस’ आली आहे. बिल आल्यावर हरकत घेतली तर चालेल का?

चालणार नाही. हरकतीची वेळ नोटिशीपासून सुरू होते. कलम १६२(२) खालच्या विशेष नोटिशीत दिलेली मुदत, बहुधा २१ दिवस, संपण्याआधी लेखी तक्रार पोचली पाहिजे. ‘कर फार आहे’ एवढं लिहून उपयोग नाही. कोणता घटक चुकला ते लिहा: क्षेत्र इतकं नसून इतकं, इमारतीचं वर्ष अमुक, वापर निवासी, आणि प्रत्येकासोबत एक कागद. सुनावणीला बोलावलं की मूळ कागद घेऊन जा आणि आदेशाची प्रत मागून घ्या.

आदेश मान्य नसेल तर कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात अपील. त्यालाही २१ दिवसांची मुदत आहे, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. दरम्यान येणारी बिलं ‘निषेध नोंदवून’ असं पत्र देऊन भरा. पैसे भरले म्हणून तुमचा दावा बुडत नाही, आणि दरमहा २ टक्के चढतही नाहीत.

प्रश्न: भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा मालमत्ता कर प्राप्तिकरात वजा होतो का?

होतो, दोन अटींवर. कर मालकाने भरलेला हवा, आणि त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला हवा. नुसतं बिल आलेलं चालत नाही. भाड्यातून आधी हा कर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्क्यांची प्रमाणित वजावट मिळते. मार्चचं बिल एप्रिलमध्ये भरलंत तर वजावट पुढच्या वर्षी. स्वतः राहत असलेल्या घराला ही वजावट नाही. सोसायटीमार्फत भरत असाल तर मेंटेनन्सची पावती पुरत नाही; त्यातला मालमत्ता कर किती, हे सोसायटीकडून आर्थिक वर्षवार लिहून घ्या.